परक्या नाकावरची गाठ : नवशिक्या मेडिकल कोडरसाठी, चित्रं नसलेली मार्गदर्शिका

अभिनंदन! बी.फार्म., बीएचएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा बीएस्सी झूलॉजी यांपैकी काहीतरी पदरात पाडून तुम्ही पुण्यात किंवा नवी मुंबईत, अमेरिकन डॉक्टरांची बिलं कोड करणाऱ्या कचेरीत रुजू झाला आहात. आणि तुमच्या वाट्याला ‘डर्मा’ आलं आहे. घाबरू नका. हृदय वाट्याला आलेल्यांकडे बघा, कोणती नळी कुठून शिरली आणि कुठे थांबली यावर ते अजून वाद घालतायत. त्वचा त्या मानाने सोपी, कारण ती बाहेरच असते. हा समज साधारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो.

या मार्गदर्शिकेत चित्रं नाहीत, कारण तुम्हालाही ती क्वचितच दिसतील. रुग्णाची माहिती गुप्त राहावी म्हणून अमेरिकेने १९९६ साली हिपा नावाचा कायदा केला. त्याच्या धाकाने अनेक ठिकाणी मोबाइल, वही आणि पेनसुद्धा दाराबाहेर ठेवून आत जावं लागतं. तेव्हा पुढचं सगळं डोक्यात ठेवायचं.

पाठ पहिला : हा खटाटोप कशासाठी

अमेरिकेत डॉक्टर कापतो आणि पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी किंवा मेडिकेअर ही सरकारी विमा योजना देते. या दोघांमध्ये संभाषण होतं ते आकड्यांत. विमावाला दोनच प्रश्न विचारतो : काय केलंत, आणि का केलंत? ‘काय केलं’ याचं उत्तर सीपीटी नावाच्या पाच आकडी कोडने द्यायचं. ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, १९६६ पासूनची. ‘का केलं’ याचं उत्तर आयसीडी-१०-सीएम या यादीतून द्यायचं, जी तिकडे १ ऑक्टोबर २०१५ ला लागू झाली. पहिली यादी दर १ जानेवारीला बदलते, दुसरी दर १ ऑक्टोबरला. त्यामुळे कष्टाने पाठ केलेलं ज्ञान वर्षातून दोनदा शिळं होतं आणि जाडजूड पुस्तकं रद्दीत जातात. कोडरच्या सीपीसी या परीक्षेला कोडची पुस्तकं उघडून बसता येतं, हे ऐकून खूश होऊ नका. शंभर प्रश्न, चार तास. पुस्तक कुठे उघडायचं हे माहीत असेल त्यालाच ते उपयोगी पडतं.

आणि त्वचाच का? कारण अमेरिकेत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर त्वचेचाच. गोरी कातडी, फ्लोरिडा-ॲरिझोनाचं ऊन, आणि ऊन कमी पडलं तर अंग भाजून घ्यायला टॅनिंग बेड. १९८५ साली अध्यक्ष रेगन यांच्या नाकावरूनही बेसल सेल कार्सिनोमा काढला होता. आयसीडीने या कारणांचीही सोय केली आहे. उन्हाला एक्स ३२ हा कोड आहे, टॅनिंग बेडला डब्ल्यू ८९.१. सूर्यनारायणाला बाह्य कारणांच्या यादीत बसवणारी ही बहुधा एकमेव कारकुनी असावी.

पाठ दुसरा : ‘काढली’ म्हणजे काय केलं?

डॉक्टर घाईत ‘गाठ काढली’ असं लिहून मोकळा होतो. तुम्हाला मात्र क्रियापदावरून भांडायचं आहे, कारण प्रत्येक क्रियापदाचं दुकान वेगळं.

तपासणीसाठी तुकडा घेतला असेल तर ती बायोप्सी. २०१९ पासून तिचे तीन प्रकार झाले : वरून तासून घेतली तर १११०२, पंचने गोल टोचून घेतली तर १११०४, पाचर कापून घेतली तर १११०६. पाचर कापूनही गाठीचा काही भाग मागेच राहतो, हे विसरू नका. पूर्ण गाठ वरच्यावर खरवडून काढली, टाके लागले नाहीत, तर ती शेव्ह, ११३०० ची मालिका. कातडीच्या पूर्ण जाडीतून, आजूबाजूची निरोगी कड धरून कापली तर एक्सिजन. आणि जाळली, गोठवली किंवा खरवडून चटका दिला तर डिस्ट्रक्शन. कॅन्सरसाठी ते १७२६० पासून पुढे.

कॅन्सरच्या उंबरठ्यावर असणारे जे खरखरीत डाग, ज्यांना ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात, ते गोठवले तर हिशेब निराळा. पहिल्या डागाला १७०००. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंत प्रत्येकाला १७००३. पंधरा किंवा जास्त झाले की आधीचं सगळं विसरून एकटा १७००४, तोही एकदाच. म्हणजे चौदा डागांच्या क्लेमवर १७००३ तेरा वेळा लिहायचा आणि पंधरा डागांना एका ओळीत आटपायचं. यामागचा तर्क विचारायचा नसतो. तो दर १ जानेवारीला बदलू शकतो.

पाठ तिसरा : मोजपट्टी

आता मूळ विषयाकडे. कॅन्सरची गाठ कापून काढली, तर कोड ठरतो तीन गोष्टींवर : ती कॅन्सरचीच आहे का, शरीरावर कुठे आहे, आणि किती मोठी कापली.

मोठी म्हणजे किती? इथे नवशिका पहिल्यांदा पडतो. गाठीचा सगळ्यात मोठा व्यास घ्या. त्यात दोन्ही बाजूंनी धरलेली निरोगी कड, म्हणजे मार्जिन मिळवा. मार्जिन एका बाजूची नव्हे, दोन्ही बाजूंची. गाठ १.२ सेंटिमीटर, मार्जिन चहूबाजूंनी ०.३, तर १.२ अधिक ०.६, एकूण १.८. नाकावर असेल तर ११६४२. मार्जिन मोजायची राहिली तरी १.२ ला कोड तोच येतो, आणि मग नवशिक्याला वाटतं की मार्जिन ही शोभेची वस्तू आहे. पुढच्याच चार्टमध्ये गाठ ०.९ असते, मार्जिन ०.२, एकूण १.३. इथे मार्जिन विसरलात की ११६४२ च्या जागी ११६४१ जातो आणि डॉक्टरचे पैसे बुडतात.

अमेरिका रस्ता मैलात मोजते, उंची फुटात मोजते, पण कॅन्सर सेंटिमीटरमध्येच मोजते. काही डॉक्टर मात्र मिलिमीटरमध्ये लिहितात. ‘९’ दिसले म्हणून ९ सेंटिमीटरचा कोड लावू नका. नाकावर ९ सेंटिमीटरची गाठ असेल तर ती गाठ नव्हे, दुसरं नाक आहे.

माप डॉक्टरने कापण्याआधी घेतलेलं हवं. कापलेली कातडी लगेच आक्रसते आणि फॉर्मॅलिनमध्ये पडली की आणखी. त्यामुळे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधला तुकडा नेहमी लहान असतो. सर्जनने माप लिहिलंच नसेल तर त्याला विचारा. विचारताना ‘मार्जिन ०.३ होती ना?’ असं विचारायचं नाही. त्याला म्हणतात उत्तर तोंडात घालणं, आणि ऑडिटरला ते पहिलं दिसतं. ‘कृपया घेतलेली मार्जिन नोंदवावी’ एवढंच. मग वाट बघा. ही सवय आत्तापासून लावून घ्या, पुढे लागणार आहे.

एक टीप : ११६०४ नंतर ११६०५ शोधू नका. तो नाही. ४ सेंटिमीटरपर्यंत ११६०४, त्याच्या वर थेट ११६०६. ११६२५ आणि ११६४५ ही नाहीत. यादीतला हा रिकामा खड्डा प्रत्येक बॅचमध्ये एखाद्याला अर्धा तास खातो.

आणखी एक : दोन गाठी काढल्या तर दोन कोड. पाठीवरच्या दोन गाठींची मापं मिळवून एक मोठा कोड करायचा नाही. बेरीज फक्त टाक्यांची होते. ती मजा सहाव्या पाठात.

पाठ चौथा : शरीराचा सरकारी नकाशा

एक्सिजनच्या यादीत शरीराचे तीन जिल्हे आहेत. धड, हात आणि पाय हा पहिला, ११६०० पासून. डोक्याची केसांखालची कातडी म्हणजे स्कॅल्प, मान, तळहातांसकट पंजे, पावलं आणि गुप्तांग हा दुसरा, ११६२० पासून. चेहरा, कान, पापण्या, नाक, ओठ हा तिसरा, ११६४० पासून. म्हणजे १.८ सेंटिमीटरची तीच गाठ पाठीवर ११६०२, मानेवर ११६२२ आणि नाकावर ११६४२. चेहऱ्याचे पैसे जास्त, कारण तिथे चुकलं तर रोज आरशात दिसतं.

हा नकाशा पाठ झाला की कोडिंग संपलं, असं समजून चहाला उठू नका. टाक्यांच्या यादीत नकाशा वेगळा आहे. मध्यम प्रतीच्या टाक्यांसाठी स्कॅल्प मानेची संगत सोडून धड, काखा आणि हातपायांत जाते. अवघड टाक्यांसाठी ती धडालाही सोडते आणि हातापायांबरोबर राहते, तर काखा आता कपाळ, गाल, मान आणि पंजांच्या पंगतीला बसतात. एकाच माणसाच्या एकाच डोक्याची ही कातडी बदल्यांच्या मोसमातल्या तलाठ्यासारखी तालुके फिरते. तुम्ही प्रत्येक वेळी पुस्तक उघडा. अनुभवी माणूस पुस्तकाशिवाय सांगतो, म्हणून त्याच्याकडून चुका जास्त होतात.

निदानाच्या कोडचाही नकाशा शिकून घ्या. सी ४४.३११ म्हणजे नाकावरचा बेसल सेल कार्सिनोमा. सी ४४.३२१ म्हणजे नाकच, पण स्क्वॅमस सेल. मेलॅनोमा असेल तर घरच वेगळं, सी ४३. कान असेल तर उजवा सी ४४.२१२ आणि डावा सी ४४.२१९. कोणता कान ते लिहिलं नसेल तर सी ४४.२११, आणि असा क्लेम गेला की विमावाल्याला प्रश्न पडतो की डॉक्टरने कान पाहिला तरी होता का.

पाठ पाचवा : थांबायला शिका

या विषयाचं मर्म या एका पाठात आहे. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

डॉक्टरने गाठ कापली. त्याला वाटतं कॅन्सर असावा. नोटमध्ये लिहिलं, ‘बेसल सेल असण्याची शक्यता’. तुकडा पॅथॉलॉजीकडे गेला. चार्ट तुमच्या स्क्रीनवर आला. समोर टार्गेटचा आकडा, उजवीकडे घड्याळ.

बाह्यरुग्ण विभागाच्या कोडिंगचा नियम सांगतो की ‘शक्यता’, ‘संशय’, ‘असावा’ असल्या शब्दांवर निदानाचा कोड लावायचा नाही. रिपोर्ट येईपर्यंत ११६ च्या मालिकेला हात लावायचा नाही. चार्ट होल्डला टाका. रिपोर्ट कॅन्सर म्हणाला तर नाकावरच्या १.८ सेंटिमीटरला ११६४२. साधी गाठ म्हणाला तर ११४४२. सर्जनचा हात तोच, सुरी तीच, जखम तीच, पण कोड आणि पैसा वेगळा. सर्जनला जे टेबलावर कळलं नव्हतं ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, आणि तुम्ही त्या सूक्ष्मदर्शकाच्या मागे रांगेत उभे आहात.

काही घाईवाले मधला मार्ग काढतात. ‘नक्की नाही ना? मग डी ४८.५, अनिश्चित.’ हा सापळा आहे. डी ४८.५ मधली अनिश्चितता तुमची नाही, डॉक्टरचीही नाही. पॅथॉलॉजिस्टने पेशी पाहून ‘ही गाठ पुढे कशी वागेल सांगता येत नाही’ असं लिहिलं, तरच तो कोड. रिपोर्ट आलाच नसेल आणि क्लेम पाठवायचाच असेल, तर डी ४९.२. म्हणजे कोणी अजून काही सांगितलेलंच नाही. न सांगितलेलं आणि सांगता न येणारं, यातला फरक ज्याला कळला तो कोडर झाला.

एवढा जीव का काढायचा? कारण सी ने सुरू होणारा कोड एकदा क्लेमवर गेला की तो माणूस कागदावर कॅन्सरचा रुग्ण झाला. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट निरोगी आला तरी विमा कंपनीच्या नोंदीत जुना कोड राहतो, आणि तो पुसायला दुरुस्त क्लेम, फोन आणि पत्रं लागतात. तिकडच्या त्या माणसाला हे कधीतरी एखाद्या अर्जावर कळतं. तोपर्यंत तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेले असता.

आता नियम आला म्हणजे अपवाद आला. पहिल्या कापणीत कडेवर कॅन्सर शिल्लक राहिला, रुग्णाला परत बोलावलं, अजून कापलं. दुसरा तुकडा मात्र स्वच्छ आला. आता कोड कोणता? कॅन्सरचाच. दुसऱ्यांदा कापलं ते त्याच निदान झालेल्या कॅन्सरसाठी होतं. पहिल्या कापणीनंतरच्या दहा दिवसांत हे झालं तर कोडच्या शेपटीला मॉडिफायर ५८ लावायचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे पुढचा टप्पा. रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ म्हणतो आणि कोड ‘आहे’ म्हणतो, अशी ही एकमेव जागा. ऑडिटरसमोर न घाबरता वाद घालायलाही हीच जागा बरी.

पाठ सहावा : टाके, आणि शेजाऱ्याची कातडी

साधे टाके एक्सिजनच्या पैशांतच येतात. खालचा थर शिवून मग वरचा शिवला तर मध्यम टाके, त्याचे वेगळे पैसे. कातडी आजूबाजूने सोडवून ओढून आणावी लागली तर अवघड टाके. त्यासाठी २०२० पासून अट अशी की जखमेच्या सगळ्यात मोठ्या रुंदीइतकी तरी कातडी एका संपूर्ण कडेने सोडवलेली हवी. डॉक्टरने ‘भरपूर अंडरमाइनिंग केलं’ एवढंच लिहिलं तर ते भरपूर किती, हे विचारायला पुन्हा पत्र.

इथे बेरीज आहे. एकाच प्रतीचे आणि एकाच गटातले टाके असतील तर लांबी मिळवायची. म्हणजे गाठी वेगळ्या, पण त्यांच्या जखमांची शिवण एकत्र. आणि लांबी शिवणीची घ्यायची. १.८ सेंटिमीटर कापलेली जखम होडीच्या आकारात वाढवून शिवली की चार-साडेचार सेंटिमीटर होते. ही लांबी एक्सिजनच्या मापात घुसवणारा माणूस प्रत्येक बॅचमध्ये एक तरी असतो.

जखम एवढी मोठी असेल की शेजारची कातडी सरकवून आणायला लागली, तर तो फ्लॅप, १४००० च्या मालिकेत. नाकावर १० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर १४०६०. फ्लॅपच्या कोडमध्ये गाठ कापण्याचे पैसे आधीच धरलेले असतात, त्यामुळे सोबत ११६४२ लावलात तर एकाच कामाचे दोनदा पैसे मागितले असा अर्थ होतो. याला अनबंडलिंग म्हणतात, आणि त्याचं भाषांतर विमावाला स्वतः करतो.

पाठ सातवा : मोज सर्जरी, एक डॉक्टर दोन टोप्या

फ्रेडरिक मोज हे विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकलेले. १९३० च्या दशकात त्यांनी एक पद्धत काढली : गाठीचा पातळ थर कापा, सूक्ष्मदर्शकाखाली कड न् कड तपासा, जिथे कॅन्सर उरला असेल तिथेच पुढचा थर कापा. निरोगी कातडी वाचते आणि चेहऱ्यासाठी तेच मोलाचं. कोडरसाठी मोलाची गोष्ट अशी की कापणारा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणारा डॉक्टर एकच असावा लागतो. स्लाइड दुसऱ्याने वाचली असेल तर मोजचे कोड रद्द, नेहमीचं एक्सिजन.

डोकं, मान, पंजे, पावलं, गुप्तांग इथे पहिल्या थराला १७३११, पुढच्या प्रत्येक थराला १७३१२. धड, हात, पायांवर १७३१३ आणि १७३१४. एका थरात पाच तुकड्यांपर्यंत सगळं त्यातच, सहाव्यापासून प्रत्येक तुकड्याला १७३१५. फ्लॅपला जो नियम लागतो तो इथे लागत नाही, मोजनंतरच्या टाक्यांचे किंवा फ्लॅपचे पैसे वेगळे मिळतात. हा विरोधाभास मुलाखतीत विचारतात.

पाठ आठवा : मॉडिफायर ही मिठाई नव्हे

क्लेम अडला की शेपटीला २५ किंवा ५९ लावून बघायचा मोह होतो. डॉक्टरने रुग्णाला पाहिलं आणि लगेच गाठ काढायचं ठरवलं, तर ते पाहणं त्याच कामात धरलेलं असतं. त्याच दिवशी त्याने संपूर्ण अंगाची तपासणी करून दुसऱ्याच तक्रारीवर उपाय लिहिला, आणि ते नोटमध्ये सुटं दिसतंय, तरच २५. गाठ काढणं आणि बायोप्सी दोन वेगळ्या जागी झालं असेल तर ५९. डॉक्टरने केलं असणारच, हे आपल्याला कितीही पटत असलं तरी लिहिलेलं नसेल तर ते झालं नाही.

या बाबतीत अमेरिकन सरकार फार जुनं आहे. यादवी युद्धात सैन्याला खराब माल विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी १८६३ साली लिंकनच्या काळात फॉल्स क्लेम्स ॲक्ट झाला. तोच आज मेडिकेअरला खोटं बिल लावणाऱ्यांनाही लागतो, आणि नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते. तुमच्या बोटाखालचा एक आकडा पाठीच्या जागी नाक करतो तेव्हा तुम्ही त्या कायद्याच्या शेजारी बसलेले असता.

पाठ नववा : परत आलेली पत्रं

क्लेम नाकारला की तो डिनायल होऊन परत येतो. सीओ ९७ म्हणजे याचे पैसे दुसऱ्या कामात दिलेत. सीओ १६ म्हणजे काहीतरी लिहायचं राहिलंय. सीओ ५० म्हणजे हे करायची वैद्यकीय गरज नव्हती. सीओ २९ म्हणजे मुदत गेली. याचा पाठपुरावा अडलेल्या पैशांसाठी फोन करणारे एआर कॉलर करतात, रात्री, कारण तेव्हा तिकडे दिवस असतो. विमा कंपनीचं होल्डवरचं संगीत त्यांना तोंडपाठ झालेलं असतं. त्यांच्याशी कँटीनमध्ये नीट वागा. तुमची चूक पहिल्यांदा त्यांच्या कानात वाजते.

आणि रुग्ण? मेडिकेअरकडून त्याला हिशेबाचा कागद येतो, त्यावर ठळक लिहिलेलं असतं : हे बिल नाही. मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये वर्षाची ठरलेली रक्कम भरून झाल्यावर साधारण वीस टक्के त्याच्या खिशातून जातात. म्हणजे तुम्ही ११६४१ च्या जागी ११६४२ लावलात तर फरकाचा पाचवा हिस्सा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या पाकिटातून निघतो. नाक त्याचं, मार्जिन सर्जनची, बेरीज तुमची.

पाठ दहावा : घरच्यांचे तीळ

तुम्ही ‘कॅन्सरचं काम’ करता हे नातेवाइकांत पसरलं की सांगलीचे मामा लग्नाच्या हॉलमध्ये शर्टाची बाही वर करतील. ‘बघ रे, हा तीळ कसला आहे?’ तुम्ही रोज शेकडो रिपोर्ट वाचत असलात तरी निदान करायचा अधिकार तुम्हाला नाही, हे नम्रपणे सांगा. मात्र रिपोर्ट वाचून जे डोक्यात शिरलंय ते सांगायला हरकत नाही : तिळाचे दोन अर्धे सारखे नसतील, कड वेडीवाकडी असेल, रंग एकसारखा नसेल, व्यास ६ मिलिमीटरच्या वर असेल किंवा तो बदलत चालला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि सावळ्या कातडीला हे होत नाही, या समजात राहू नका. आपल्याकडे मेलॅनोमा दिसतो तो बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. गायक बॉब मार्ले १९८१ साली गेला, त्याचा मेलॅनोमा पायाच्या बोटाला होता. मामा, बाही खाली करा, चप्पल काढा.

सराव प्रश्न

प्रश्न १. पाठीवर ०.९ सेंटिमीटरचा बेसल सेल कार्सिनोमा, रिपोर्ट आलेला, मार्जिन चहूबाजूंनी ०.४, साधे टाके. कोड?
उत्तर : ०.९ अधिक ०.८ म्हणजे १.७. ११६०२, निदान सी ४४.५१९. टाक्यांचा वेगळा कोड शोधत असाल तर सहावा पाठ पुन्हा वाचा.

प्रश्न २. नाकावर मोज. पहिल्या थरात सहा तुकडे, दुसऱ्यात तीन. कोड?
उत्तर : १७३११, १७३१२ आणि १७३१५ एकदा. एकूण नऊ तुकड्यांतून पाच वजा करून १७३१५ चार वेळा लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पाचाची मोजणी प्रत्येक थरात नव्याने सुरू होते.

प्रश्न ३. डॉक्टर लिहितो, ‘चेहऱ्यावरचे बरेच केराटोसिस गोठवले.’ बरेच म्हणजे किती?
उत्तर : तुम्ही सांगू शकत नाही. डॉक्टरला विचारा. चौदा आणि पंधरा यांच्यातला फरक ‘बरेच’ने भरून निघत नाही.

प्रश्न ४. महिनाअखेर आहे. टार्गेटला बारा चार्ट कमी आहेत. बाराव्या चार्टमध्ये डॉक्टरने लिहिलंय, ‘बहुधा मेलॅनोमा’. रिपोर्ट आलेला नाही. टीम लीड मागे येऊन उभे राहिलेत आणि म्हणतायत, ‘एवढं काय, डॉक्टरला खात्री आहे. लाव सी ४३ आणि सोड.’ तुम्ही काय कराल?
उत्तर : चार्ट होल्डला टाका आणि लीडना म्हणा, ‘सर, ऑडिटमध्ये नाव माझं येतं आणि कॅन्सरचा शिक्का त्या रुग्णावर बसतो. रिपोर्ट येईपर्यंत थांबू.’ बाकीच्या अकरांत ज्यांचे रिपोर्ट आलेत ते पूर्ण करा. टार्गेट चुकलं तर पुढच्या महिन्यात भरून निघेल.